एकशे चाळीस गाठीटाके

३ फेब्रुवारी

चि. भिंगोजीस,

अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे तू प्रत्यक्ष आल्यावर द्यायला राखून ठेवले आहेत.

फोन करू नकोस असं मी सूनबाईकरवी कळवलं, त्याचा राग मानू नकोस. बोलायला लागले की तिसऱ्या वाक्याला मला खोकला येतो, आणि पलीकडून तू नुसता हुंकार देतोस. परवा सूनबाईला वाटलं, फोन चुकून कुठल्यातरी गोठ्यात लागला. पत्रात मात्र तुला वाचा फुटते, तेव्हा पत्रच बरं.

आता बातमी. छातीतलं पाणी तिसऱ्यांदा काढलं, दीड लिटर निघालं. त्याच वेळी बरगड्यांमधून नळी घालून आतला एक तुकडाही घेतला. डॉक्टरांनी आजाराचं नाव कागदावर लिहून दिलंय, मेसोथेलिओमा. सूनबाई ते एका दमात म्हणते, मला दोन दम लागतात. फुप्फुसाला बाहेरून जे पातळ अस्तर असतं, त्याचा हा कॅन्सर. अस्तर म्हटल्यावर मला जरा धीर आला. आयुष्यभर दुसऱ्यांना अस्तरं लावली, आता आपल्या अस्तराकडे बघायची वेळ आली, एवढंच.

डॉक्टरांनी विचारलं, कधी अॅसबेस्टॉसशी संबंध आला होता का. मी म्हटलं, संबंध कसला, अकरा वर्षं संसार होता. एकोणिसाव्या वर्षी मी त्या कारखान्यात लागले, भट्टीवाल्यांचे हातमोजे आणि नाट्यगृहांचे न जळणारे पडदे शिवायला. दोरा दातांनी तोडायचा. जेवणाच्या सुट्टीत तो पांढरा भुसा ओठांवर चिकटवून आम्ही मुली मालकाची नक्कल करायचो. माझी मिशी सगळ्यांत झुपकेदार असायची. डॉक्टर काही हसले नाहीत. ती थट्टा चाळीस वर्षांनी अंगाशी आली, असं त्यांनी फार सभ्य शब्दांत सांगितलं.

आमच्या दवाखान्यातले सगळे तुकडे तुमच्याच प्रयोगशाळेत येतात, तेव्हा माझाही तुझ्याच हाताखालून जाणार. मला लपवाछपवी नको. मी आतून कशी दिसते ते लिही, फोटो मिळाला तर पाठव. आणि एकदा येऊन जा. बसने चार तासांचा रस्ता आहे, समुद्र ओलांडायचा नाही.

लोभ आहेच. तू तो वाढव. बाकी काही वाढू नये असं डॉक्टर म्हणतात.

तुझी,
ताई


१० फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. गुडघा धरलाय, त्यामुळे आठापैकी दोन अंगं उभीच आहेत असं समज.

तुझा तुकडा आला तेव्हा मोठ्या बाईंनी मला बाजूला बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या डॉक्टर. भिंगातून बघून रोग त्या ठरवतात, मी फक्त कापतो आणि रंगवतो. नात्यातल्या माणसाचा तुकडा आपण कापू नये अशी पद्धत आहे. मी म्हटलं, दुसऱ्या कुणी वाकडा कापला तर ताई मला जन्मभर ऐकवील. त्या म्हणाल्या, हात थरथरला तर उठायचं. चौतीस वर्षांत इतका सरळ तुकडा मी कापला नसेल.

कसं करतो ते तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही. तुकडा मेणात बसवतात. मग यंत्राचं चाक फिरवलं की पात्यावरून पातळ पापुद्रे एकामागून एक निघतात, एकमेकांना जोडलेले, फितीसारखे. एकेक पापुद्रा केसाच्या विसाव्या हिश्श्याइतका जाड. ती फीत कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या गेल्या की काचेवर उचलायची आणि रंगवायची. शिंक आली की मेहनत उडून गेली. आमच्याकडे सर्दी झालेल्या माणसाला कुणी जवळ करत नाही.

फोटो सोबत आहे. जांभळे ठिपके दिसतात ती पेशींची केंद्रं, भोवती गुलाबी. तुझ्या पेशी हुबेहूब तुझ्यासारख्या आहेत, गोल, भरलेल्या आणि एकमेकींना धरून गप्पा मारत बसलेल्या. हसू नकोस, हे महत्त्वाचं आहे. या आजारात मुख्यतः दोन तऱ्हेच्या पेशी असतात, गोल आणि लांबट. गोल त्यातल्या त्यात संथ, त्यांच्यावर सर्जन ऑपरेशन करू धजतात. लांबट फार आडदांड. तुझ्या गोल आहेत. मोठ्या बाईंनी दोनदा पाहून सांगितलं.

येण्याचं म्हणशील तर नवीन पातं बसवायचंय आणि माझ्या जोडीची मुलगी बाळंतपणाच्या रजेवर आहे. ती आली की बघतो.

सूनबाईला आशीर्वाद. तुझा ओरडा खायची सवय मोडू देऊ नकोस.

तुझा,
भिंगोजी


२४ फेब्रुवारी

चि. भिंगोजीस,

आशीर्वाद, पण थोडे कमीच. पातं बसवायचंय हे कारण तू स्वतःचं लग्न ठरल्यासारखं दिलंस.

फोटो फार आवडला. दोन दिवस नुसता बघत बसले, मग राहवेना. पांढरा कपडा घेतला, जांभळा आणि गुलाबी दोरा घेतला आणि माझ्या पेशी भरायला घेतल्या. केंद्राला गाठीटाका, भोवती साखळीटाका. फोटोत मोजून एकशे चाळीस होत्या, एकशे चाळीस भरल्या. एकही गाळली नाही, माझीच माणसं आहेत म्हटल्यावर. सूनबाई ऑफिसातून आली आणि म्हणाली, आई, किती सुंदर जास्वंदी. मी तिला खरं सांगितल्यावर तिने पर्स उचलली आणि पुन्हा बाहेर जाऊन आली.

तो रुमाल मी सर्जनना भेट दिला. त्यांनी कौतुकाने टेबलावर अंथरला, वर कॉफीचा कप ठेवला आणि विचारलं, कुठली फुलं. मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही माझ्या कॅन्सरवर कॉफी ठेवली आहे. त्यांनी कप असा उचलला की निम्मी कॉफी कागदांवर गेली. पण माणूस चांगला आहे. नंतर पोटभर हसला.

आता कामाचं. ऑपरेशन ठरलं, २२ मार्च. छाती उघडून ते अस्तर सोलून काढणार, सहा तास लागतील आणि पुढे दोनतीन महिने माझं काही खरं नाही. हात वर जाणार नाहीत म्हणून आठ गाऊन शिवून ठेवले, सगळ्यांना पुढून बटणं. मला भीती वाटत नाही असं नाही. पण एकदाचं काढून टाकलं की सुटले, असं मनाने घेतलंय. त्या तारखेवर मी दिवस ढकलतेय.

एक बारीकशी भानगड आहे. नळी घातली होती तिथे, बगलेखाली, वाटाण्याएवढी गाठ आली आहे. सर्जन म्हणाले, ऑपरेशनच्या वेळीच काढू, पण आधी तपासू. तिचाही तुकडा तुमच्याकडे निघालाय. फोटो पाठव, दोरा उरला आहे.

लोभ राहू दे आणि पातं एकदाचं बसव.

तुझी,
ताई


५ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. आज पूर्ण साष्टांग, गुडघ्याला विचारलं नाही.

फोटो पाठवू नये असं वाटत होतं. पण नाही पाठवला तर तू थेट मोठ्या बाईंना लिहिशील, म्हणून पाठवतोय.

बघितलास ना? या पेशी गोल नाहीत. लांबट आहेत, दोन्ही टोकांना निमुळत्या, आणि सुट्या सुट्या. मोठ्या बाई म्हणाल्या की पसरायला निघाल्या की या पेशी कधीकधी अशा बदलतात. गोल असताना त्यांच्या अंगावर एकमेकींना जोडून ठेवणारं काहीतरी असतं. ते त्या बनवायच्या थांबतात, शेजारणीचा हात सोडतात, लांब होतात आणि फटींतून सरकायला लागतात. आजार तोच, माणूस तोच, पण पेशींचं रूप आणि वागणं दुसरं. आणि गाठ अशी निघाली तर सर्जन ऑपरेशन करत नाहीत. उघडून, सोलून, टाके घालून होईतो त्या परत आलेल्या असतात आणि माणसाच्या अंगातली ताकद तेवढी गेलेली असते.

मला हे पटत नाही. त्या दिवशी एकतीस तुकडे आले होते आणि जोडीची मुलगी रजेवर, सगळं मी एकट्याने केलं. माझ्याकडूनच कुठेतरी अदलाबदल झाली असेल. तसं मी मोठ्या बाईंना सांगितलंय आणि त्यांनी रिपोर्ट थांबवलाय. तू आत्ताच मनाला लावून घेऊ नकोस.

यायचं नक्की जमवतो, एवढं निस्तरलं की.

तुझा,
भिंगोजी


९ मार्च

चि. भिंगोजीस,

आशीर्वाद. आज भरघोस, कारण तू चूक कबूल केलीस आणि असं तू चाळीस वर्षांत केलं नव्हतंस.

ते माझं काम नव्हेच. मी एकशे चाळीस पेशी हाताने भरल्या आहेत, मला माझा टाका ओळखता येणार नाही? तू पाठवलास तो कुणाचातरी धावदोरा आहे, तोही घाईत घातलेला. माझ्या पेशी एकमेकींना सोडून कुठे जाणाऱ्यातल्या नाहीत. ज्या बिचाऱ्या बाईचा किंवा बुवाचा हा तुकडा असेल त्यांना माझ्या गोल पेशींचा रिपोर्ट देऊन बसू नका म्हणजे झालं.

तुझ्या एकट्याने निभणार नाही म्हणून मोठ्या बाईंना वेगळं पत्र लिहिलंय, याच पाकिटात आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की आपल्या प्रयोगशाळेत परका माल माझ्या नावावर खपवला गेला आहे, तरी चौकशी व्हावी. भावाला फार रागावू नये, तो लहानपणीसुद्धा डाव्या पायात उजवी चप्पल घालायचा, हेही लिहिलंय.

सर्जनना सगळं सांगितलं. ते म्हणाले, प्रयोगशाळेला शंका असेल तर वीस तारखेपर्यंत थांबतो. तोवर दुसरं काही कळलं नाही तर पहिल्या रिपोर्टवर विसंबून बावीसला ऑपरेशन करू. मी बॅग भरून ठेवली आहे.

लोभ आहे, यावेळी थोडा अभिमानही.

तुझी,
ताई


१३ मार्च

ती. ताईस,

नमस्कार, खाली मान घालून.

मोठ्या बाईंनी तुझं पत्र सगळ्या प्रयोगशाळेपुढे उभं राहून वाचलं. चपलेचा भाग दोनदा वाचला. मग सगळ्यांची कामं थांबवून त्या दिवसाचे सगळे ट्रे काढायला लावले. आमच्याकडे काचेच्या टोकाला पेन्सिलीने नंबर घालतात, शाई स्पिरिटमध्ये धुऊन जाते म्हणून. एकतीस काचा, एकतीस मेणाचे ठोकळे, एकतीस डब्या आणि रजिस्टर, एकेक नंबर मोठ्याने वाचून जुळवला. तीन तास लागले.

सगळे जुळले, ताई. एकही इकडचा तिकडे नाही. सगळ्यांचा खोळंबा केल्याबद्दल आठवडाभर रंगाची भांडी मी घासायची, असं सर्वानुमते ठरलं. माझे हात कोपरापर्यंत जांभळे झाले आहेत. बसमध्ये लोक शेजारी बसत नाहीत.

तरी मी हट्ट सोडलेला नाही. ठोकळ्यात तुकडा अजून शिल्लक आहे. तो मी तळापर्यंत कापणार आहे. वर जे दिसतं तेच खाली असतं असं नाही. मोठ्या बाईंनी अठरा तारखेपर्यंत मुदत दिली आहे. आता एवढं हातात घेतल्यावर मधेच उठून येणं बरं नाही दिसत. तू समजून घेशीलच.

तुझा,
भिंगोजी


१६ मार्च

भिंगोजी,

आशीर्वाद नंतर.

नंबर जुळले म्हणून मी घाबरेन असं वाटलं असेल तर माझी अजून तुला ओळख नाही. नंबर माणसं घालतात. पण मला दुसरंच बोलायचंय.

पाणी पहिल्यांदा भरलं ते ऑक्टोबरमध्ये. पाच महिने झाले. या पाच महिन्यांत तुझं पातं बदललं, गुडघा दुखला, कुणी बाळंत झालं, भांडी घासायची आली. उंटावर बसून शेळ्या हाकतोस आणि वर शेळ्यांचे फोटो पाठवतोस. माझ्या पेशी तू हजार पट मोठ्या करून बघितल्यास. मला आहे त्या मापात बघायला तुला सवड नाही. आठ किलो कमी झाले माझे. केस पांढरे होते ते आता विरळही झाले. हे कुठल्या काचेवर दिसतं का?

मला ठाऊक आहे, तू घाबरतोस. मीही घाबरते. मग दोघांनी एका खोलीत बसून घाबरावं, वेगवेगळ्या गावांत कशाला.

तर आता ऐक. कागदावर मी विश्वास ठेवणार नाही, तुझ्या नाही, मोठ्या बाईंच्या नाही. पेशी माझ्या आहेत की नाहीत ते तू इथे येऊन माझ्यासमोर सांग. नाही आलास तर त्या माझ्या नाहीत असं मी धरून चालणार आणि बावीसला टेबलावर झोपणार. सर्जनना मी पटवीन. लोकांना पटवणं मला जमतं.

ताई


१९ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. हा समोर उभं राहून.

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. दार उघडशील तेव्हा हातात देईन. तोंडाने सांगायचा सराव बसमध्ये तीनदा केला. तिसऱ्या वेळी पुढच्या सीटवरच्या आजींनी मला पाण्याची बाटली दिली.

ठोकळा मी तळापर्यंत कापला. शेवटच्या काचा काल दुपारी रंगवल्या. एका काचेवर डावीकडे तुझ्या गोल पेशींचा एक पुंजका आहे. तूच भरल्यास तशा, एकमेकींना धरून बसलेल्या. त्या पुंजक्याच्या कडेला काही जणी जरा ताणल्यासारख्या दिसतात. त्यांच्यापुढच्या अंडाकृती. त्यांच्याही पुढच्या लांब, आणि मग त्या सुट्या होऊन पसरल्या आहेत. मधे कुठे जोड नाही, शिवण नाही. एकाच तुकड्यात, एका नजरेत, गोलाच्या लांब होताना दिसतात. दुसऱ्या रंगाने तपासलं तरी दोन्हीकडे तीच खूण उमटली. मोठ्या बाईंनी खुर्ची मला दिली आणि स्वतः मागे उभ्या राहिल्या.

त्या पेशी तुझ्याच आहेत, ताई.

अदलाबदल झाली नव्हती. ती झालेली असावी असं मला वाटत होतं, म्हणून मी बोंब मारली आणि तू ती उचलून धरलीस. मी आणखी दोन दिवस हट्ट केला असता तर उगाच तुझी छाती उघडली गेली असती. हे माझ्या डोक्यातून जात नाही. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांचे तुकडे कापले आणि कुणाच्या रिपोर्टला कधी हरकत घेतली नाही. तुझ्याच रिपोर्टला घेतली.

उद्या रिपोर्ट सर्जनकडे जाईल. ऑपरेशन करू नकोस. मोठ्या बाई सांगत होत्या की शरीराची स्वतःची राखण जागी करणारी औषधं आहेत, दर काही आठवड्यांनी शिरेतून देतात, आणि लांबट पेशींवर जुन्या औषधांपेक्षा ती जास्त चालतात. सगळ्यांना चालतात असं नाही. पूर्ण बरं करतात असंही नाही. मी तुला खोटं सांगणार नाही, ते एकदा करून बघितलं.

आलो नाही त्याला पातं कारण नव्हतं. काचेवर तू असलीस की मला काम होतं. इथे आलो असतो तर मला काहीच काम नव्हतं, नुसतं तुझ्याकडे बघत बसावं लागलं असतं. तेवढी हिंमत होईना.

मोठी रजा टाकून आलोय. वाचून झालं की आत घे. नाही घेतलंस तर पायरीवर बसेन, शेजाऱ्यांना तुझा भाऊ म्हणून ओळख करून देईन आणि जांभळे हात दाखवीन.

तुझा,
भिंगोजी


१९ मार्च, तुझ्याच पत्राच्या पाठीवर

चि. भिंगोजीस,

अनेक आशीर्वाद, राखून ठेवलेले सगळे.

तू आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरलास तो बाहेर यायचं नाव नाही, म्हणून लिहावं लागतंय. पत्र दोनदा वाचलं. राग आला, रडू आलं आणि खोकला आला, तिन्ही एकदम. त्या तारखेवर मी किती भिस्त ठेवली होती ते कुणाला सांगितलं नव्हतं. आता ती गेली. वाईट वाटलं, खूप वाटलं, पण तू चुकीचं सांगत नाहीस हे तुझ्या तोंडाकडे बघूनच कळलं. पत्राची गरज नव्हती.

सूनबाईने सर्जनना फोन केला. बावीस तारीख रद्द. शिरेतून द्यायच्या औषधाबद्दल सोमवारी बोलवलंय, तिघांनी मिळून जाऊ. तिथे मी बोलेन, खोकला आला की तू बोलायचंस.

तू म्हणतोस तसं नुसतं माझ्याकडे बघत बसावं लागेल हे खरं आहे. तेवढंच काम आहे. तुला जमेल, मी शिकवीन.

अर्धा तास झाला तू कप धुतोयस. दोनच कप होते. पाण्याच्या आवाजात रडलास तरी मला ऐकू येतं, पहिल्यापासून यायचं. नळ बंद कर आणि इथे येऊन बस.

तुझी,
ताई